डोकं गरम? हात चिखलात!

ऑक्टोबर हीट, अप्रेझल, ईएमआय आणि वर दिवाळीचं शॉपिंग... तुमचाही फ्यूज उडायच्या बेतात असेल, तर यंदा थोडा चिखल करून बघा. संगमनेरच्या एका अंगणातला हा अनुभव.

संपादकांचा मेसेज आला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी अर्थातच जागी होते. 'मोठ्यांसाठी सीझनल क्राफ्ट्स. ऑटम, रिलॅक्सिंग, स्ट्रेसबस्टर टाइप. फ्रेश हवं. शुक्रवारपर्यंत.'

लगेच कामाला लागले. (हाच तर प्रॉब्लेम आहे!) परदेशी मासिकं चाळली. ऑटम म्हणजे भोपळे कोरा, मेपलच्या लालबुंद पानांचं तोरण करा, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या ओता, शेकोटीजवळ बसून स्वेटर विणा. इकडे माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पंखा पाचवर आणि मी घामाघूम. बॉस, आपल्याकडे ऑक्टोबरात कुठली आलीय पानगळ? ती येणार शिशिरात. आपला शरद म्हणजे ओसरलेला पाऊस, कडक ऊन, कोजागरीचं दूध आणि मग दिवाळी. आता ह्या सीझनचं क्राफ्ट कुठलं? आकाशकंदील, रांगोळी, पणत्या रंगवणं. आणि किल्ला. पण किल्ला तर पोरांचा, नाही का? मलाही तसंच वाटत होतं.

थोडं माझ्याविषयी. फ्रीलान्सर म्हणजे बॉस नसलेला सुखी प्राणी असा तुमचा समज असेल, तर सांगते, आम्हाला जितके क्लायंट तितके बॉस. त्या ऑक्टोबरात तीन आठवडे माझ्या छातीत धडधड होत होती. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी विचारलं, "झोप किती?" मी म्हटलं, "कुठली?" मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, चार दिवस घरी जा.

त्याआधी मी एक उपाय करून बघितला होता. शहरातल्या एका कॅफेत 'डी-स्ट्रेस' वर्कशॉप होतं. दोन तास, फी भरभक्कम, किट इन्क्लुडेड. प्रत्येकीला एक कोरी पणती, चार रंग, एक ब्रश. समोर नमुना ठेवलेला आणि तसंच करायचं. शेवटच्या अर्ध्या तासात फोटोसेशन. माझी पणती बिघडली तर ताईंनी हळूच ब्रश काढून घेतला आणि स्वतः नीट करून दिली. घरी जाताना मी आधीपेक्षा जास्त चिडलेली होते. पणती मात्र फोटोत मस्त दिसते.

तर 2025 च्या दिवाळीत वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी पुण्याहून बसमध्ये बसले. नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर. मांडीवर लॅपटॉप, पण घाटाच्या वळणांवर टाइप करायला गेलं की मळमळतं. हा सगळ्यात स्वस्त डिजिटल डिटॉक्स.

'सगळे रायगडच करतायत!'

संगमनेरला आमचं आणि काकांचं घर एकाच अंगणाला लागून. त्या अंगणाच्या कोपऱ्यात लहानपणी आमचा किल्ला व्हायचा. माझी दहावी झाली आणि तो बंद पडला. त्यालाही आता तेरा-चौदा वर्षं झाली.

ह्या वेळी फर्माइश आली पुतणीकडून. चुलतभावाची, म्हणजे दादाची मुलगी, वय वर्षं नऊ. दादा पुण्यात आयटीत. तो, वहिनी आणि ही दिवाळीसाठी आमच्या आधीच येऊन पोचले होते. "आत्या, किल्ला करू या ना! आमच्या सोसायटीत अलाउड नाही." सोसायटीत का अलाउड नाही? तर पार्किंग घाण होतं. घ्या.

आता किल्ला कुठला? 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, साल्हेर, थेट तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. त्यामुळे आमच्या गल्लीत जो तो रायगडावर. पुतणीलाही रायगडच हवा होता. तेवढ्यात बाबा, म्हणजे रिटायर्ड इतिहासाचे मास्तर, ओसरीवरून म्हणाले, "संगमनेरात बसून रायगड कशाला करता? पट्टा करा."

पट्टा तुम्हाला माहीत नसेल, तर तुमचा दोष नाही. तो अकोले तालुक्यात आहे आणि युनेस्कोच्या यादीत नाही. पण ऐका. 1679 चा नोव्हेंबर. शिवाजी महाराज जालन्याच्या मोहिमेवरून परतत होते आणि संगमनेरजवळ मुघल फौजेनं त्यांना गाठलं. लढाई जबर झाली, सिधोजी निंबाळकर तिथे पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं महाराजांना सुखरूप बाहेर काढलं आणि पट्ट्यावर आणलं. तिथे त्यांनी काही दिवस विश्रांती घेतली, म्हणून पट्ट्याचं नाव पडलं विश्रामगड. पुढच्याच एप्रिलमध्ये, 1680 साली, महाराज गेले.

विश्रामगड! रिलॅक्सेशनवर लेख लिहायला आलेल्या मुलीला ह्याहून जास्त काय पाहिजे? मी मनातल्या मनात हेडिंगसुद्धा ठरवून टाकलं. (ते संपादकांनी पुढे उडवलं, तो भाग वेगळा.)

पट्टा मी कॉलेजात असताना चढले होते. पट्टावाडीतून वाट आहे. वर त्र्यंबक दरवाजा, पट्टाईदेवीचं देऊळ, अंबारखान्याची दगडी इमारत, पाण्याची टाकी आणि लांबच लांब सपाट माथा. करायला सोपा, असं मला वाटलं. चिखलात सपाट माथा करणं हे सगळ्यात अवघड काम असतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

फोन कुठाय? माहीत नाही!

पहिल्या संध्याकाळी आम्ही माती लगावली. तीन मोठी माणसं, एक पोर आणि सूचना द्यायला बाबा. मी अर्थातच फोन घेऊन. रील करायचं, लेखासाठी फोटो लागतील, बिफोर-आफ्टर दाखवू. दादा इंजिनीअर, त्यानं कागदावर प्लॅन काढला, स्केल ठरवलं. तासाभरात आम्ही तिघं एकमेकांवर खेकसत होतो. माझ्या अँगलमध्ये वहिनी येत होती, दादाच्या स्केलमध्ये पट्ट्याचा माथा बसत नव्हता आणि पुतणी रडकुंडीला आली होती. ऑफिसातली मीटिंग अंगणात भरवल्यासारखं झालं.

मग काकू आल्या. त्यांनी घमेल्यातला चिखल बघितला आणि म्हणाल्या, "हा काय चिखल आहे? ह्याचा गड नाही, डबकं होईल." स्वतः मळायला बसल्या आणि आम्हालाही बसवलं.

त्या क्षणापासून चित्र बदललं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात असले की फोन उचलता येत नाही. ओसरीवर तो वाजत होता, थरथरत होता. पहिल्या दहा मिनिटांत मी चार वेळा मान वळवली, मग दोन वेळा. मग पुतणीनं विचारलं, "आत्या, तुझा फोन कुठाय?" आणि मला खरंच माहीत नव्हतं. काकूंनी तो चिखल लागू नये म्हणून आत नेऊन ठेवला होता. कधी नेला, कळलंसुद्धा नाही.

शास्त्र काय म्हणतं?

नेमानं मला इथे रिसर्च टाकायला हवा, आणि आहेही तो. 2016 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं दिली. समोर मार्कर, कागद, चिकणमाती, कोलाजचं सामान. हवं ते करा. आधी आणि नंतर सगळ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन. सुमारे 75 टक्के लोकांत ते खाली आलं. माझ्यासारखीला दिलासा देणारी गोष्ट पुढेच आहे. ज्यांना कला येत होती आणि ज्यांना अजिबात येत नव्हती, त्यांच्यात फरक पडला नाही.

पण लगेच टाळ्या नकोत. माणसं थोडीच होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यातल्या जवळजवळ पाव लोकांचं कॉर्टिसॉल उतरलंच नाही. शिवाय पाऊण तास नुसतं निवांत बसूनही ते उतरलं असतं की नाही, हे ह्यातून कळत नाही.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडला. 2005 साली करी आणि कॅसर ह्या दोघांनी 84 कॉलेज विद्यार्थ्यांना आधी एखादी भीतीची आठवण लिहायला लावली, म्हणजे अस्वस्थ केलं, आणि मग रंगवायला बसवलं. काहींना मंडलाचं डिझाइन, काहींना चौकड्यांचं आणि काहींना नुसता कोरा कागद. मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदवाल्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे डोकं थकलेलं असताना 'काहीही कर, तुला हवं ते कर' असं स्वातंत्र्य फार कामाचं नसतं. रेषा आखलेल्या असाव्यात आणि आपण त्यात रंग भरत जावं.

हे वाचलं आणि मला ठिपक्यांची रांगोळी आठवली. अकरा ते सहा. ठिपके आधी ठरलेले, कुठला कुठल्याला जोडायचा तेही ठरलेलं. तरी दोन बायकांची रांगोळी सारखी येत नाही. वहिनी रोज पहाटे उंबऱ्यापुढे बसायची. मी विचारलं, "पुण्यात काढतेस का गं?" म्हणाली, "पुण्यात स्टिकर."

'दोन महिने झाले'

दुसऱ्या दिवशी दगडांचं काम. किल्ल्याचा सांगाडा दगड-विटांचा असतो. मोठे दगड खाली, मग मध्यम, आणि फटींत लहान चिपा ठोकून बसवायच्या, नाहीतर वरचं वजन आलं की सगळं सरकतं. कंटाळवाणं काम. पुतणी वैतागून शेजारच्या रायगडावर हेरगिरी करायला गेली. वहिनी आत चकल्यांना. उरलो मी आणि दादा, शेजारी शेजारी उकिडवे, तोंडं भिंतीकडे. अर्धा तास आम्ही काही बोललो नाही.

मग दादा म्हणाला, "दोन महिने झाले."

"कशाला?"

"नोकरी जाऊन."

मला काय बोलावं सुचेना. हातात चीप होती, ती मी फटीत दाबली. "तो चपटा दे," एवढंच म्हणाले. त्यानं दिला. आणि मग तो बोलत राहिला. सकाळी बॅग घेऊन निघतो, म्हणजे पोरीला कळू नये. वाचनालयात बसून अर्ज करतो. मिळालेला पैसा अजून तीन महिने पुरेल, फ्लॅटचा हप्ता धरून. वहिनीला माहीत आहे, बाकी कुणालाच नाही. काकांना तर नाहीच. काकांनी आख्ख्या गल्लीला सांगितलेलं, आमचा मॅनेजर झाला म्हणून.

आम्ही दोघं पुण्यात वीस मिनिटांच्या अंतरावर राहतो. त्या दोन महिन्यांत तीन वेळा भेटलो होतो, एकदा तर जेवायला. समोरासमोर बसून 'काय चाललंय?' 'मस्त, तुझं?' आणि मीही त्याला माझी धडधड सांगितली नव्हती. ती मी तेव्हा सांगितली, भिंतीकडे बघत.

चिखलानं दादाला बोलतं केलं असं मी म्हणणार नाही. मला वाटतं, भिंतीकडे असलेली तोंडं आणि हातातलं काम ह्यांनी मदत केली. मध्येच गप्प बसावंसं वाटलं तर 'तो दगड दे' म्हणायची सोय होती. कॉफीच्या टेबलावर ती सोय नसते. समोरचा चेहरा तुमच्या उत्तराची वाट बघत असतो.

हे सगळं लिहू का, असं मी नंतर दादाला विचारलं. म्हणाला, "लिही. नाव टाकू नको. आणि हेपण लिही, की किल्ला केल्यानं ईएमआय भरला जात नाही." लिहिलं, दादा.

बुरूज ढासळला

त्या रात्री पावसाची एक जोरदार सर आली. सकाळी उठून बघतो तर त्र्यंबक दरवाज्याशेजारचा बुरूज बसलेला आणि अर्धा उतार ओघळून तुळशीपर्यंत गेलेला. पुतणीनं भोकाड पसरलं. खरं सांगते, माझ्याही पोटात खड्डा पडला. आदल्या आठवड्यात एका क्लायंटनं आख्खं स्क्रिप्ट परत पाठवलं, तेव्हा पडला होता तसाच.

एवढ्यात काका आले. ते एरवी किल्ल्याकडे फिरकले नव्हते. घरातून थापी आणली, खाली बसले आणि म्हणाले, "गोणपाट घातलंच नाही होय रे?" दादा म्हणाला, "विसरलो." मग दोघं बापलेक कामाला लागले.

मी उठून जायच्या तयारीत होते, तेवढ्यात बाबांनी मला डोळ्यांनी खूण केली. आम्ही आत चहा टाकायला गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. चहा दोनदा उकळला. मध्ये एकदा काकांचा थापी धरलेला हात बराच वेळ तसाच थांबला होता. मग परत चालू झाला.

आत आल्यावर काका हात धुता धुता काकूंना म्हणाले, "ह्यांना दोन दिवस जास्त ठेवून घेऊ. पोरीला सुट्टी आहेच."

करायचाय? मग ऐका

गोणपाट ही खरी किल्ली. दगड-विटा रचून झाल्या की गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरायचं, घड्या पडतील तशा पडू द्यायच्या. ह्या घड्यांचेच पुढे डोंगराचे उतार होतात. वरून चाळलेल्या मातीचा घट्ट चिखल. काकूंचं माप : थालीपिठाच्या पिठाइतका. पहिला थर जाड, तो अर्धा दिवस वाळू द्या. भेगा पडतात, घाबरू नका, ओल्या हातानं दुसरा पातळ थर फिरवा. पायऱ्या चमच्याच्या दांड्यानं कापा. पाण्याच्या टाक्याला नारळाची करवंटी.

आणि अळीव! ही आमच्या पट्ट्याची सगळ्यात सुंदर गोष्ट. अळीव अर्धा तास भिजवले की बुळबुळीत होतात, त्यामुळे ते उभ्या उतारावरही चिकटून बसतात. वर हातानं पाणी शिंपडत राहायचं. तीन-चार दिवसांत आख्खा डोंगर हिरवा. सकाळी उठल्याउठल्या फोनऐवजी 'किती उगवलं?' बघायला अंगणात जायचं, हे मी सलग चार दिवस केलं.

फ्लॅटमध्ये राहताय? मोठ्या घमेल्यात किंवा जुन्या ट्रेमध्ये बाल्कनीत छोटी टेकडी होते. नर्सरीतली माती चालते. स्पर्धेत मात्र भाग घेऊ नका. आणि फोटो शेवटी. आधी काढलात, तर माझ्यासारखं होईल.

ज्यांना चिखलाची किळस आहे त्यांनी कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि कणकेची खळ घेऊन आकाशकंदील करावा. नुसता सांगाडा बांधायला एक संध्याकाळ जाते. एकट्यानं करू नका, गाठ मारायला तिसरा हात लागतोच. आणि गोधडी? ती दिवाळीत संपणारी गोष्ट नाही. आमची आजी जुन्या लुगड्यांना धावदोरा घालत पाऊसकाळा अख्खा काढायची. ती ह्याला रिलॅक्सेशन म्हणाली नसती. थंडीत पोरांना पांघरूण हवं, म्हणून ती शिवायची. घरी कुणी शिकवणारं असेल तर लगेच शिकून घ्या. आमच्याकडे आता कुणी नाही.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तिथे किल्ला आणि कंदील पुरत नाहीत. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 2022 पासून चालू आहे, नंबर 14416, फोन फुकट लागतो. मीही पुण्याला परतल्यावर डॉक्टरकडे पुन्हा गेले. धडधड कमी झाली होती, थांबली नव्हती. झोपेवर आणि कामाच्या तासांवर अजून काम चालू आहे.

पवनचक्क्यांचा वाद

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेवटचा राडा झाला. मावळे ठेवून झाले, सिंहासनाऐवजी अंबारखान्यापुढे महाराज बसवले, आणि पुतणी म्हणाली, पवनचक्क्या राहिल्या. पट्ट्याच्या आसपासच्या डोंगरांवर खरंच पवनचक्क्या आहेत, तिनं फोटोत बघितल्या होत्या. बाबा खवळले. "शिवकाळात पवनचक्क्या?" पुतणी म्हणाली, "पण आत्ता आहेत ना!" ह्यावर इतिहासाच्या मास्तरांकडे उत्तर नव्हतं.

दादानं मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून पाती कापली, टाचणीवर बसवली. पहिली फिरेना. दुसरी फिरेना. तो दोन तास पाती वाकवत, फुंकर मारत बसला होता, जीभ दातांत धरून, अगदी दहावीतला दादा. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिसरी फिरली.

माझा शुक्रवार अर्थातच हुकला. त्यानंतरचेही बरेच शुक्रवार हुकले. दादाला नोकरी लागायला जानेवारी उजाडला. पगार आधीपेक्षा कमी आहे आणि त्याबद्दल तो खूश नाही. किल्ला तुळशीच्या लग्नानंतर उतरवला. दगड कोपऱ्यात रचून ठेवलेत, माती जास्वंदीच्या आळ्यात घातली. त्यात अजून मधूनच अळीव उगवतात, असं काकू फोनवर सांगतात. पवनचक्की काकांच्या टीव्हीवर आहे. पंखा फुल्ल केला की फिरते.